द्राक्षावरची औषधं आणि वृषणावरचा परिणाम: एम.एस्सी. प्रकल्पाचा आराखडा आणि पुढची संशोधनाची वाट

पलूस_झूऑलॉजी

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. झूऑलॉजीचं दुसरं वर्ष चालू आहे. पुढे पुरुष-प्रजनन जीवशास्त्रातच पीएच.डी. करायची आहे, त्यामुळे आत्ताचा प्रकल्पही त्याच दिशेने हवा आहे. आपल्याकडे तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ पट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी-भुरीसाठी फवारण्यांचा सपाटा सुरू होतो. फवारणी करणाऱ्या माणसाच्या शुक्राणूंवर याचा काय परिणाम होतो, हा मूळ प्रश्न. सुरुवात म्हणून कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक निवडलंय.

कच्चा आराखडा असा: विस्टार जातीचे नर रॅट, वय ४५ दिवस, सहा-सहाचे तीन गट. दुकानात मिळणारी ५० टक्क्यांची पावडर पाण्यात कालवून ३० दिवस तोंडावाटे द्यायची. ३१ व्या दिवशी वृषणाचं वजन, फॉर्मॅलिनमध्ये ठेवून एच-ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन) रंगाच्या स्लाइड, शुक्राणूंची मोजणी आणि रक्तातलं टेस्टोस्टेरॉन.

विचारायचं आहे ते तीन गोष्टींबद्दल. आराखड्यात काय चुकतंय? थेट शेतकऱ्यांचे नमुने घेऊन काम होईल का? आणि या विषयात पीएच.डी.साठी कुठे, कशी तयारी करावी?

---

विषशास्त्र_सांगली

विषय चांगला निवडलाय. कार्बेन्डाझिम वृषणाला घातक आहे हे रॅटमध्ये पक्कं सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे "परिणाम होतो का" हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. किती मात्रेला, कोणत्या पेशीवर आणि औषध थांबवल्यावर भरून येतं का, हे विचारा.

आधी काळाचं गणित, कारण तुमच्या आराखड्याची मुख्य अडचण तिथेच आहे. रॅटमध्ये शुक्रजनक नलिकेचं एक चक्र १२.९ दिवसांचं असतं आणि मूळ पेशीपासून शुक्राणू तयार व्हायला अशी साधारण साडेचार चक्रं लागतात. पन्नासच्या वर दिवस यातच गेले. मग तो शुक्राणू अधिवृषणातून (वृषणाला चिकटलेली, शुक्राणू साठवणारी नळी) खाली यायला आणखी आठवडाभर. आता ३० दिवसांचा हिशेब लावा. ३१ व्या दिवशी अधिवृषणाच्या शेपटीतून जो शुक्राणू काढाल, तो पहिल्या डोसच्या दिवशी अर्धसूत्री विभाजनाच्या शेवटाला किंवा नुकताच गोल स्पर्मॅटिड (शुक्राणू होण्याआधीची पेशी) झालेला होता. म्हणजे औषधाने स्पर्मॅटोगोनिया (अगदी सुरुवातीच्या जननपेशी) मारले असतील तरी तुमच्या मोजणीत आकडा चक्क नॉर्मल येईल, आणि तुम्ही लिहाल "परिणाम नाही". नराच्या प्रजननचाचण्यांत जोडी लावण्याआधी दहा आठवडे डोस देण्याची पद्धत आहे, ती याच कारणाने. तुम्हीही ७० दिवस धरा. जमलं तर एक जादा गट ठेवा: ७० दिवस औषध, पुढचे ७० दिवस बंद. परिणाम भरून येतो की नाही हे सांगणारा तो एकच गट असतो, आणि नेमका तोच बहुतेक प्रकल्पांत नसतो.

वय ४५ दिवस अजिबात नको. त्या वयात शुक्राणूंची पहिली लाटच अजून पूर्ण व्हायची असते. मोजणी रोज आपोआप वाढत असते, त्यात औषधाचा परिणाम शोधणं अशक्य. ९० दिवसांच्या पुढचे नर घ्या.

दुकानातल्या पावडरीत निम्मा भाग इतर घटकांचा असतो, म्हणून तिने दिसलेला परिणाम कार्बेन्डाझिमच्या नावावर लिहिता येत नाही. शुद्ध टेक्निकल ग्रेड घ्या. पाण्यात ते विरघळत नाही, मक्याच्या तेलात निलंबित करून द्या आणि कंट्रोल गटाला तेवढंच तेल तशाच नळीने द्या. नुसत्या पाण्यावरचा कंट्रोल इथे चालणार नाही. शेतकऱ्याच्या अंगावर पडते ती तयार पावडर, हेही खरं. तिचा वेगळा गट ठेवा, पण शुद्ध द्रव्याच्या जोडीला. शिवाय शेतकऱ्याला ती मुख्यतः कातडीतून आणि श्वासातून लागते, तोंडातून नाही. एवढी मर्यादा प्रबंधात स्पष्ट लिहा.

आता यंत्रणा. कार्बेन्डाझिम ट्यूब्युलिनला चिकटतं, बुरशीतही आणि काही अंशी सस्तन प्राण्यातही. सर्टोली पेशीतल्या (जननपेशींना आधार देणारी पेशी) सूक्ष्मनलिका मोडल्या की तिने धरून ठेवलेल्या जननपेशी सुटून नलिकेच्या पोकळीत पडतात. हा गळालेला माल वाहून पुढे अपवाही नलिकांत (वृषणातून अधिवृषणाकडे जाणाऱ्या बारीक नळ्या) अडकतो आणि वाट बंद होते. मागे द्रव तुंबतो. म्हणून मोठ्या एकाच डोसनंतर दोन दिवसांनी वृषणाचं वजन वाढलेलं दिसतं आणि पुढे काही आठवड्यांत ते आक्रसतं. वजन वाढलं म्हणजे तब्येत सुधारली असा निष्कर्ष काढू नका. अधिवृषणाचं डोकं आणि अपवाही नलिका यांचेही छेद घ्या. खरी जागा तिथे आहे आणि लोक ती कापून टाकून देतात.

संख्याशास्त्राबद्दल एकच. प्रत्येक रॅटच्या १०० नलिका मोजल्या म्हणून नमुने ६०० होत नाहीत. एकक म्हणजे जनावर. आधी प्रत्येक जनावराची सरासरी, मग गटांची तुलना. टेस्टोस्टेरॉन तर दिवसात इतकं वरखाली होतं की सहा जनावरांत फरक सिद्ध होणं अवघड. रक्त सगळ्यांचं सकाळी एकाच वेळेत घ्या, आणि त्याहून जास्त भरवसा सेमिनल व्हेसिकल व प्रोस्टेटच्या वजनावर ठेवा. त्या ग्रंथी गेल्या कित्येक दिवसांच्या अँड्रोजनचा एकत्रित हिशेब देतात. व्हेसिकल कापताना आतला द्रव सांडला तर वजन फुकट, म्हणून मुळाशी चिमटा लावूनच कापा. वृषणाचं वजन शरीराच्या वजनाने भागू नका. जनावर बारीक झालं तरी वृषण सहसा बारीक होत नाही, त्यामुळे ते गुणोत्तर फसवं येतं. मूळ वजनच द्या.

---

हिस्टो_मिरज

वरच्या उत्तराला जोडून स्लाइडबद्दल लिहिते, कारण प्रकल्प तिथे बुडतात.

वृषणाला साधं फॉर्मॅलिन लावू नकोस. त्यात नलिका आक्रसतात, दोन नलिकांमध्ये पांढऱ्या फटी पडतात, केंद्रकं धूसर होतात. बूआं द्रावण कर: संपृक्त पिक्रिक आम्ल ७५ मिलि, फॉर्मॅलिन २५ मिलि, ग्लेशियल अॅसिटिक आम्ल ५ मिलि. पिक्रिक आम्ल कोरडं पडलं तर स्फोटक होतं. बाटलीत कायम पाणी ठेव आणि झाकण धातूचं नको. ही कटकट नको असेल तर सुधारित डेव्हिडसन द्रावण उत्तम: फॉर्मॅलिन ३० मिलि, इथेनॉल १५, ग्लेशियल अॅसिटिक ५, ऊर्ध्वपातित पाणी ५०.

रॅटचं वृषण अख्खंच द्रावणात सोड. आधी दोन्ही टोकांना बारीक सुईने पांढऱ्या आवरणाला चार-पाच भोकं पाड, म्हणजे द्रावण आत शिरतं. काही तासांनी ऊतक जरा घट्ट झालं की धारदार ब्लेडने दोन्ही टोकं उडव आणि परत द्रावणात ठेव, एकूण २४ तास. आकारमानाच्या किमान दहापट द्रावण घे. बूआंनंतर ७० टक्के अल्कोहोल बदलत राहा, पिवळेपणा निघेपर्यंत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ताजं वृषण बोटांनी किंवा चिमट्याने दाबायचं नाही. दाबलं की जननपेशी सुटून पोकळीत येतात आणि स्लाइडवर हुबेहूब कार्बेन्डाझिमसारखं चित्र दिसतं. म्हणजे तुझ्या कंट्रोल गटातही पेशी गळालेल्या दिसतील, आणि कारण असेल तुझा चिमटा. अधिवृषणाच्या बाजूची चरबी धरून उचल. ताजं वृषण कापूही नकोस, कापल्याबरोबर नलिका बाहेर उसळतात. ओळखायची खूण अशी: दाबल्यामुळे झालेली गळती बहुधा कडेच्या नलिकांत आणि ठिगळासारखी असते. सगळ्या गटांतली जनावरं आलटून पालटून काप. एका दिवशी कंट्रोल आणि दुसऱ्या दिवशी औषधाचा गट असं करू नकोस, नाहीतर हाताचा फरकही औषधाच्या नावावर जाईल.

रंग एच-ईवर थांबवू नकोस. अवस्था ओळखायच्या तर पास (पिरिऑडिक आम्ल-शिफ)-हिमॅटॉक्सिलिन लागतं. लेब्लाँ आणि क्लेरमाँ यांनी १९५२ मध्ये रॅटच्या चक्राच्या १४ अवस्था मांडल्या त्या पासमध्ये गुलाबी दिसणाऱ्या अॅक्रोसोमच्या (शुक्राणूच्या डोक्यावरची टोपी) आकारावरूनच. छेद ५ मायक्रॉनचे. पिरिऑडिक आम्ल १ टक्का १० मिनिटं, धुऊन शिफ २० मिनिटं, मग नळाच्या वाहत्या पाण्यात १० मिनिटं. गुलाबी रंग तिथेच चढतो. शेवटी हिमॅटॉक्सिलिन हलकं. ते गडद झालं की अॅक्रोसोम झाकला जातो. शिफ द्रावण बाटलीतच गुलाबी झालं असेल तर ते गेलेलं आहे, फेकून दे.

सुरुवातीला चौदाच्या चौदा अवस्था शिकायच्या मागे लागू नकोस. सातवी आणि आठवी आधी पक्की कर. सातव्या अवस्थेत लांबट स्पर्मॅटिड पोकळीच्या काठाला ओळीने लागलेले असतात आणि त्यांच्या खाली गोल स्पर्मॅटिडवर अॅक्रोसोमची टोपी असते. आठवीत काठावरचे सुटायला लागतात. नवव्या-दहाव्या अवस्थेतल्या नलिकेतही लांबट डोकी तळाशी अडकून राहिलेली दिसली तर शुक्राणू सुटण्यात बिघाड आहे. एच-ईवर पाहणारा माणूस हे सरसकट "नॉर्मल" लिहून मोकळा होतो.

---

पलूस_झूऑलॉजी

मॅडम, सर, मनापासून आभार. आराखडा बदलतोय. आमच्या विभागाकडे प्राणिगृहाची नोंदणी नाही, त्यामुळे रॅटचं काम दुसऱ्या संस्थेत करावं लागेल. तोवर हात बसवायला काय करता येईल? आणि शेतकऱ्यांच्या नमुन्यांबद्दल कुणी सांगेल का?

---

विषशास्त्र_सांगली

नोंदणी नसेल तर एकाही रॅटला हात लावू नका. ज्या संस्थेत काम होणार, तिच्या प्राणी नैतिकता समितीकडे बी फॉर्म भरून मंजुरी घ्यावी लागते, आणि मंजुरीची तारीख पहिल्या डोसच्या आधीची हवी. केंद्राच्या समितीचं नाव पूर्वी सीपीसीएसईए होतं, आता सीसीएसईए आहे. मंजुरी क्रमांक नसेल तर बरं नियतकालिक पेपर तपासायलाही घेत नाही. फॉर्ममध्ये "सहाच का" याचं उत्तर आकडेमोडीने द्या. "सगळे सहा घेतात" हे उत्तर चालत नाही.

---

हिस्टो_मिरज

हात बसवायला मटणाच्या दुकानातून बोकडाचे कपुरे आण. फक्त खाटीकदादांना आधी सांगून ठेव की वरचं आवरण सोलायचं नाही आणि बाजूचं अधिवृषण काढून टाकायचं नाही. ते एरवी साफ करूनच देतात. बोकड खच्ची केलेला नसावा हे ओघाने आलंच. कापल्यापासून अर्ध्या तासाच्या आत द्रावणात पडायला हवं. आकार मोठा असल्यामुळे रॅटची पद्धत इथे लागू नाही: नव्या ब्लेडने, न दाबता, ५ मिलिमीटर जाडीच्या चकत्या कर. बूआं त्याहून खोल वेळेत पोचत नाही आणि मधला भाग कुजलेला निघतो.

अधिवृषणाच्या शेपटीला सुईने टोचून ३७ अंशांच्या सलाइनमध्ये थेंब सोडलास की जिवंत, पळणारे शुक्राणू दिसतील. थंड काचेवर घेतलेस तर काही क्षणांत थबकतात आणि "मेलेत" असा गैरसमज होतो. स्लाइड, सलाइन, पिपेटचं टोक सगळं आधी गरम हवं. टोक रुंद तोंडाचं घे. रॅटचे शुक्राणू तर फार नाजूक, बारीक टोकातून ओढले की शेपट्या तुटतात.

---

अँड्रॉलॉजी_बेंच

शेतकऱ्यांच्या नमुन्यांबद्दल. एम.एस्सी.च्या मुदतीत हे होणार नाही, पण पीएच.डी.चा प्रस्ताव म्हणून यात दम आहे.

फवारणी आणि वीर्य यांचा काळ जुळवणं ही पहिली अट. माणसात शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस आणि त्यावर अधिवृषणातला प्रवास, म्हणजे ढोबळ तीन महिने. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यापर्यंत फवारणीचा जोर असतो. त्याचा स्पर्मॅटोगोनियावरचा परिणाम वीर्यात दिसायचा तो जानेवारी-फेब्रुवारीत. उलट औषध अंगात गेलं का हे पाहायचं तर लघवी फवारणीनंतर दिवसभरातच घ्यायला हवी, कारण कार्बेन्डाझिमचं चयापचयी द्रव्य झपाट्याने निघून जातं. लघवी आणि वीर्य एकाच दिवशी गोळा केलं तर दोन वेगवेगळ्या महिन्यांची गोष्ट तुम्ही एकत्र मांडाल. आणि बागेत कोणी एकच औषध मारत नाही. फवारणीची वही मागा, निर्यातीच्या बागांत ती ठेवलेलीच असते. मिश्रणात काय काय होतं, ब्लोअर होता की पाठीवरचा पंप, हातमोजे होते का, हे सगळं नोंदवा.

तुलनेचा गट शहरातल्या बैठ्या नोकरदारांचा घेऊ नका. त्याच गावांतले, त्याच वयाचे ऊस-सोयाबीनवाले घ्या, म्हणजे ऊन, तंबाखू, कष्ट सारखे राहतात. गेल्या तीन महिन्यांतला ताप मुद्दाम विचारा. एक जोराचा ताप महिना-दोन महिन्यांनी मोजणी पाडतो, आणि डेंग्यू-चिकुनगुनियाचा हंगाम नेमका छाटणीच्या सुमाराचा असतो.

नमुना २ ते ७ दिवसांच्या संयमानंतर, रुंद तोंडाच्या, आधी वजन केलेल्या डबीत. साधा निरोध वापरू द्यायचा नाही, त्यावरची रसायनं शुक्राणूंना मारक असतात. सुरुवातीचा भाग सांडला का हे प्रत्येकाला विचारा. शुक्राणू सगळ्यात जास्त त्यातच असतात. गावातून आणायचं तर डबी शर्टाच्या आत, अंगाच्या उबेला धरून, तासाभरात. पलूसहून मिरजेपर्यंत ते जमेल, जतच्या टोकाहून जमणार नाही. तिथे सूक्ष्मदर्शकच गावात न्यावा लागेल. एका माणसाचाही आकडा आठवड्या-आठवड्याला खूप बदलतो, म्हणून दोन नमुने.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आवृत्तीतले आकडे सगळ्यांना पाठ असतात: १.४ मिलि, मिलिला १.६ कोटी, एकूण ३.९ कोटी, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे जाणारी ३० टक्के, नॉर्मल आकार ४ टक्के. हे आकडे ज्यांच्या जोडीदाराला वर्षभरात गर्भ राहिला अशा पुरुषांमधली पाचवी शततमक आहेत, म्हणजे त्यांच्यातलेही शंभरात पाच जण या आकड्याच्या खालीच असतात. त्याखालचा माणूस वांझ आणि वरचा सक्षम, असा अर्थ होत नाही. तुमच्या कामात गटांच्या सरासरीतला फरक महत्त्वाचा, "किती जण नापास" हा नाही.

गुप्ततेचा आराखडा आधी लिहा. डबीवर नाव नको, सांकेतिक क्रमांक. निकाल फक्त त्या माणसाच्याच हातात, आणि खराब आला तर पुढे कुणाकडे पाठवायचं हे ठरलेलं हवं. आपल्याकडे मूल न होण्याचा सगळा भार बाईवर टाकतात. त्यामुळे या तपासणीचं मोल नुसत्या पेपरपुरतं नाही, आणि एक नाव फुटलं तर सगळं गाव दार लावतं.

एक जुनं प्रकरण मुळातून वाचा: १९७७, कॅलिफोर्नियातलं लॅथ्रॉप. सूत्रकृमीनाशक डीबीसीपी बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनी आपसांत बोलताना ओळखलं की आपल्यात कुणालाच अलीकडे मूल झालेलं नाही. तपासात शुक्राणू शून्य किंवा नगण्य, एफएसएच (शुक्राणू बनवायला चालना देणारं संप्रेरक) वाढलेलं, टेस्टोस्टेरॉन मात्र बहुतेकांचं ठीक. लैंगिक क्षमतेत काही उणं जाणवत नाही आणि बीज संपलेलं असतं, म्हणून अशी इजा वर्षानुवर्षं लपते. तुमच्या प्रश्नावलीत "मूल हवं असून किती महिने लागले" हा प्रश्न त्यासाठी हवाच.

---

संशोधक_कराड

पीएच.डी.बद्दल थोडक्यात. सीएसआयआर-यूजीसी नेट आणि डीबीटीची बेट या दोन्ही परीक्षा द्या. स्वतःची फेलोशिप हातात असली की मार्गदर्शक निवडता येतो, नाहीतर जिथे प्रकल्पात जागा आहे तो विषय घ्यावा लागतो.

संस्था विषय पाहून ठरवा. शुद्ध प्रजनन जीवशास्त्रासाठी परळची एनआयआरआरसीएच. १९७० पासून हेच काम. औषध-हार्मोनच्या अंगाने लखनौची सीडीआरआय, वंध्यत्वाच्या जनुकांसाठी हैदराबादची सीसीएमबी. पण तुमचा प्रश्न व्यवसायातून होणाऱ्या इजेचा आहे, तेव्हा अहमदाबादची एनआयओएच आणि लखनौची आयआयटीआर आधी बघा. औषधाच्या अवशेषांच्या मोजणीला पुण्याजवळ मांजरीचं द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथे सहकार्य मागता येईल. वळू-रेड्यांच्या वीर्यात रस असेल तर सातारा जिल्ह्यातच शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. गोठवलेल्या वीर्याचं तंत्र जवळून बघायला मिळालं तर सोडू नका, हालचालीचं मूल्यमापन तिथे रोजचं असतं.

कुणाची कारकीर्द अभ्यासायची तर कोपनहेगनचे पुरुष-प्रजनन संशोधक स्काकेबेक. १९७२ मध्ये त्यांनी वंध्य पुरुषांच्या वृषणछेदांत वेगळ्या दिसणाऱ्या जननपेशी पाहिल्या आणि त्या पुढे होणाऱ्या कर्करोगाची पहिली पायरी आहेत हे ओळखलं. १९९२ मध्ये शुक्राणूंची संख्या घटत असल्याचा त्यांच्या गटाचा पेपर आला, त्यावर अजून वाद चालू आहेत. २००१ मध्ये वृषणाचा कर्करोग, खराब वीर्य आणि जन्मजात दोष यांचं मूळ गर्भावस्थेत एकच असू शकतं, ही मांडणी. तीस वर्षांचा धागा सूक्ष्मदर्शकाखालच्या काही पेशींपासून सुरू होतो. म्हणून वरच्या मॅडमनी स्लाइडबद्दल लिहिलंय ते आधी आत्मसात करा. मुलाखतीला आठव्या अवस्थेची स्लाइड समोर ठेवली आणि ओळखता आली, तर जनुकांच्या यंत्रांची नावं पाठ असण्यापेक्षा ते जास्त मोजलं जातं.

---

पलूस_झूऑलॉजी

शेवटचं एक. वृषणातली मोजणी आणि अधिवृषणातली मोजणी दोन्ही करायची का? न्यूबॉअर चेंबरचा हिशेबही एकदा सांगा.

---

विषशास्त्र_सांगली

दोन्ही. वृषणातली मोजणी उत्पादन सांगते, शेपटीतली साठा. वाट तुंबली असेल तर उत्पादन सुरुवातीला बरं आणि साठा रिकामा, असं दिसेल. कार्बेन्डाझिममध्ये हेच तपासायचं आहे.

एक वृषण स्लाइडला, दुसरं गोठवून मोजणीला. आवरण काढून वजन करा, ०.९ टक्के सलाइनमध्ये ०.०५ टक्के ट्रायटन एक्स-१०० घालून त्यात घोटा. बाकी पेशी फुटतात, घट्ट झालेली लांबट स्पर्मॅटिडची डोकी टिकतात. त्यांची एकूण संख्या ६.१ ने भागली की रॅटचं रोजचं उत्पादन मिळतं, कारण ती डोकी त्या अवस्थेत ६.१ दिवस असतात. माइसला भाजक ४.८४.

चेंबर भरल्यावर ओलसर डबीत पाच मिनिटं ठेवा, डोकी तळाला बसू द्या. मधले २५ चौकोन म्हणजे ०.१ मायक्रोलिटर. दोन्ही बाजू मोजा, प्रत्येकी किमान २०० डोकी. सुट्या शेपट्या मोजायच्या नाहीत. चौकोनाच्या वरच्या व डाव्या रेघेवरची धरा, खालच्या व उजव्या रेघेवरची सोडा. समजा सरासरी २१० आली आणि द्रावण २० पट पातळ केलं होतं: २१० × १०,००० × २०, म्हणजे मिलिला ४.२ कोटी. अधिवृषणाची शेपूट ५ मिलिमध्ये कापली असेल तर एकूण २१ कोटी. दोन बाजूंच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर सरासरी काढू नका, नमुना नीट ढवळून चेंबर नव्याने भरा.